हजार तासांचा हिशेब

“ब्रेक मागाहून बघू, आधी आवर मीटर चालू कर,” असं मी म्हणालो तेव्हा मिस्त्रीनं हातातला पाना बॉनेटवर ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. डावा ब्रेक लागत नव्हता. उजवा लागला की सुटत नव्हता. सायलेन्सरच्या नळीत साळुंकीनं संसार थाटला होता. आणि या गृहस्थाला मीटर हवा होता.

त्याला काय सांगणार? ३१ वर्षं मी बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर काढली. ट्रॅक्टरच्या प्रत्येक प्रस्तावात आमचा एक लाडका आकडा असायचा : वर्षाला १००० तास. स्वतःचं रान आणि भाड्याची कामं मिळून ट्रॅक्टर हजार तास चालला, तर तो कर्ज फेडतो. नाही चालला, तर कर्जदाराचं धोतर फेडतो. हे हजार तास आम्ही कागदावर फार सहज भरून काढत असू. नांगरट इतकी, फणणी इतकी, ऊसवाहतूक इतकी, मळणी इतकी. बेरीज ९४० आली तर ‘इतर’ या रकान्यात ६० टाकायचे. त्या ‘इतर’ तासांत शेतकरी नक्की काय करतो, हे मी ३१ वर्षांत कुणाला विचारलं नाही.

पण माझ्या सहीनं तीनशेच्या वर ट्रॅक्टर रस्त्यावर आले होते. सातबारा, आठ-अ, कोटेशन, बोजा, आरसी बुकावरचा बँकेचा शिक्का, हे सगळं मला तोंडपाठ. त्यामुळे ट्रॅक्टरमधलं आपल्याला कळतं, असा माझा गाढ समज होता. विवाह नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं स्वतःला संसारातला जाणकार समजावं, तसा.

निवृत्त झाल्यावर मी एक जुना ३५ एचपीचा ट्रॅक्टर घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही. चूक तिची नव्हती. बायकोनं पुण्याहून फोनवर विचारलं, “कितीला पडला?” मी आकडा सांगितला. ती म्हणाली, “आता उचला.”

ट्रॅक्टर घेण्यामागचा हेतू उदात्त होता. विट्याच्या वरच्या अंगाला माळावर आमचं वडिलार्जित साडेपाच एकर रान आहे. वडील गेल्यापासून ते पडीक. आमच्या खानापूर तालुक्यात याचं कुणाला नवल नाही. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला देशभर गेली. केरळात जा, पंजाबात जा, सराफ कट्ट्यामागच्या गल्लीत भट्टीपुढे बसलेल्या गलाईवाल्याला गाव विचारा. तो विटा, आटपाडी, तासगाव यांतलंच काहीतरी सांगणार. माणसं मुलखाचं सोनं गाळत राहिली आणि इकडे त्यांच्या रानात टणटणी उगवली. टणटणीच्या मागोमाग वेडी बाभूळ आली. आता टेंभू उपसा योजनेचं पाणी माळावर आलंय, पण ते पाटातून यायच्या आधी बाभळीच्या मुळांनी जागा धरून ठेवल्यात. एस.टी.त रुमाल टाकून ठेवावा तशा.

टणटणीला कुणी घाणेरी म्हणतात. पान चुरगळून नाकाशी नेलं की या नावाचा उलगडा होतो. फुलं मात्र अशी गुलाबी-पिवळी आणि नटवी, की उपटणाऱ्यालाच आपण काही पाप करतोय असं वाटावं. वेडी बाभूळ असलं नाटक करत नाही. तिचा काटा चपलेतून, बुटातून आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरमधून सारख्याच निर्विकारपणे आत शिरतो. पहिल्या महिन्यात मी पंक्चरवाल्याच्या दोन मुलांचं शिक्षण केलं, असं म्हणायला हरकत नाही.

इथं मला थोडं विषयांतर केलं पाहिजे. घरच्यांनी आता वाचायचं थांबवावं. हे त्यांनी प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकलेलं आहे.

आमच्या रानापासून खाली उतरलं की पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन विषारी होते. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. पुढे बेळगावातली जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ त्यांना ३२ एकर माळ दिला. साल १९१०. माळावर होतं काय? निवडुंग आणि नाग. म्हणजे आमच्या भागात यंत्रयुगाचा नारळ फुटला तो झुडपं तोडून! हे वाचल्यापासून माझ्या मनानं घेतलं, की लक्ष्मणरावांनंतर या टापूत झुडपांशी शास्त्रशुद्ध झुंज देणारा मीच. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत इथल्या बायाबापड्यांनी रोज कुऱ्हाड-कुदळ चालवली असेल, पण त्यांनी प्रोजेक्ट रिपोर्ट केला नव्हता.

निवडुंगाची गोष्ट तर याहून बहारीची. तोही आपला नव्हे. अमेरिका खंडातला पाहुणा. त्याच्यावर एक पिठुळा किडा पडतो. तो चिरडला की गर्द लाल, किरमिजी रंग निघतो. या रंगाचा मक्ता स्पेनकडे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लाल कोटांना हाच रंग लागायचा आणि त्यासाठी स्पेनला पैसे मोजायचे, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या जिवाला लागलं. १७९५ साली नीलसन नावाचा एक कप्तान ब्राझीलहून जिवंत किडे घेऊन कोलकात्याला उतरला. निवडुंगावर सोडले. किडे आनंदानं वाढले. रंग काढून बघतात तर फिक्कट, दरिद्री. किडा चुकीचा आला होता! नात्यातला होता, पण तो नव्हे. कोट काही रंगले नाहीत. पण या चुकीच्या किड्यानं निवडुंगाची एक जात खाऊन खाऊन इतकी उजाड केली, की जगात तणावर किडा सोडून तण मारल्याचं पहिलं उदाहरण म्हणून आज हीच गोष्ट सांगतात. पुढे १९२६ साली दुसऱ्या जातीच्या निवडुंगासाठी त्या किड्याचा चुलतभाऊ सिलोनहून दक्षिणेत आणला, आणि त्यानंही काही वर्षांत फडशा पाडला. एका कप्तानाची चूक दीडशे वर्षं व्याज देत राहिली. माझ्या कारकिर्दीत असा एकही कर्जदार मला भेटला नाही.

आणि टणटणी? ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली. शोभेसाठी! वेडी बाभूळ १८७०च्या दशकात मुद्दाम आणून लावली, कोरड्या मुलखात हिरवळ व्हावी, सरपण मिळावं म्हणून. गाजर गवत तेवढं न बोलावता आलं, आणि देशात पहिल्यांदा डोळ्यावर आलं ते १९५५च्या सुमारास आमच्या पुण्यात. पुणेकर पाहुण्याचं आगतस्वागत करत नाहीत, हा आरोप निदान इथं तरी टिकत नाही. तर सांगायचं म्हणजे, आज आपण ज्याच्या नावानं बोटं मोडतो त्यातलं बरंचसं कुणीतरी चांगल्या हेतूनं, रीतसर कागद करून, वरिष्ठांची मंजुरी घेऊन आणलेलं असतं. या वाक्याशी आलो की मी पंगतीत जरा थांबतो. तेवढ्यात वाढपी ताक घेऊन येतो.

असो. तर रान.

पहिला हल्ला मी रोटाव्हेटरनं केला. माझ्या मनातलं चित्र असं होतं : मी हॅट घालून ट्रॅक्टरवर, मागे गरगर फिरणारी पाती, आणि त्यातून टणटणीचा कोथिंबिरीसारखा बारीक चुरा उडतोय. प्रत्यक्षात टणटणीच्या फांद्या रोटाव्हेटरच्या शाफ्टला अशा गुंडाळल्या, की तो लोकरीच्या गुंड्यासारखा दिसू लागला. मग ‘टक्’ असा आवाज झाला. पीटीओ, म्हणजे इंजिनाची फिरकी मागच्या अवजाराला देणारा दांडा, जोराचा झटका खातो तेव्हा गिअरबॉक्स वाचावा म्हणून एक बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. तो तुटायचा असतो आणि तो तुटला. मी नवा घातला. तो तुटला. तिसरा तुटल्यावर मी बाजारातून चांगला, पोलादी, अजिबात न तुटणारा बोल्ट आणला. मिस्त्रीनं तो माझ्या हातातून काढून घेतला. “साहेब, हा न्हाई तुटणार. मग ह्याच्या जागी साठ हजाराचा गिअरबॉक्स तुटंल.” माझ्या तारण-तत्त्वावरच्या ३१ वर्षांच्या व्याख्यानांना या एका बोल्टानं झाकून टाकलं.

रोटाव्हेटर फिरला तिथं पावसानंतर काय झालं, हे सांगायला लाज वाटते. जिथं एक खोड होतं तिथं दहा फुटवे आले. वेडी बाभूळ जमिनीलगत कापली की ती मरत नाही, तिला चेव येतो. तिचे डोळे मातीखाली, बुंध्याच्या गड्ड्यावर असतात. वरून छाटणं म्हणजे छाटणी. मी पाच एकरांत अत्यंत निगुतीनं वेड्या बाभळीची बाग फुलवली होती.

दुसरा हल्ला साखळीचा. बुंध्याला साखळी बांधायची, ट्रॅक्टरला अडकवायची, पहिला गिअर, झाड मुळासकट बाहेर. मोबाइलवर एका माणसाला हे करताना मी पाहिलं होतं. वरच्या बाजूला टॉप लिंकची खुंटी मोकळी आणि सोयीची दिसली, तिथं साखळी अडकवली. क्लच सोडला. झाड जागचं हललं नाही. हलला तो ट्रॅक्टर : पुढची दोन्ही चाकं शांतपणे वर उठली. क्षणभर मला चौकातल्या अश्वारूढ पुतळ्याची आठवण झाली, आणि खोटं कशाला बोलू, तेवढ्यातही वाटलं की कुणीतरी फोटो काढायला हवा होता. मग पाय आपोआप क्लचवर गेला आणि घोडा दाणकन खाली आला.

मिस्त्री बांधावरून धावत आला. तो मला शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं शिव्या दिल्या नाहीत. घाम पुसला आणि हळू आवाजात म्हणाला, “साखळी कायम खालच्या हुकाला बांधायची. वर बांधली की ट्रॅक्टर मागं उलटतो. डायव्हरला उडी मारायलासुदिक टाइम गावत न्हाई.” त्यानं पुढे एक नाव घेतलं आणि गप्प झाला. त्या नावाच्या माणसाचं कर्ज मी मंजूर केलं होतं. फाईलवर विम्याची रक्कम जमा झाल्याची नोंद मी स्वतः घेतलेली मला आठवत होती. कारण ‘अपघात’ एवढंच लिहिलेलं. साखळी वर बांधली होती की खाली, याचा रकाना नव्हता.

तिसऱ्या महिन्यात ट्रॅक्टरनंच असहकार पुकारला. चालू व्हायचा झोकात, वीस मिनिटं नीट चालायचा, मग धापा टाकत बंद. अर्धा तास तसाच ठेवला की पुन्हा चालू, पुन्हा वीस मिनिटं. सरकारी कचेरीत काढलेली वर्षं नसताना त्याला हे कुणी शिकवलं, कळेना. मी निदान केलं : डिझेलच्या लाइनीत हवा. निदान चुकीचं नव्हतं म्हणा, उलटं होतं.

‘एअर काढणे’ हा प्रकार मी तोवर चांगला शिकलो होतो. खरं सांगायचं तर या सबंध उद्योगात मला मनापासून आवडलेलं काम हेच. डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट दोन आटे सैल करायचा. फीड पंपाची बारकी दांडी अंगठ्यानं खाली-वर, खाली-वर करायची. आधी बोल्टाभोवती फेस येतो, घुसळलेल्या ताकासारखा. मग मोठे बुडबुडे. मग लहान. आणि एका क्षणी बुडबुडे संपून डिझेलची सलग, तांबूस, मुकाट धार लागते. त्या क्षणालाच बोल्ट आवळायचा; अलीकडे नाही, पलीकडे नाही. हे मी दिवसातून सात वेळा करू लागलो. फिल्टर बदलला. पंपाचं डायफ्राम बदललं. नोझल तपासून आणले. बिलांची फाईल केली आणि तिला क्रमांक दिला.

शेवटी मिस्त्री आला. ट्रॅक्टर चालू केला आणि विडी ओढत बसला. विसाव्या मिनिटाला इंजिन आचके देऊ लागलं तसा उठला, आणि कशालाही हात न लावता डिझेलच्या टाकीचं झाकण फिरवलं. ‘फुस्स’ असा लांबलचक आवाज झाला, एखाद्या दमलेल्या माणसानं सुस्कारा टाकावा तसा, आणि इंजिन सुरळीत चालू लागलं. मिस्त्रीनं झाकण माझ्या तळहातावर ठेवलं. मध्यभागी टाचणीएवढं भोक असतं, आत हवा जायला. डिझेल खर्च होतं तशी त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते, नाहीतर टाकीत पोकळी होते आणि डिझेल पुढं सरकत नाही. ते भोक कुंभारीण माशीनं चिखलानं लिंपून बंद केलं होतं. सुबक, गुळगुळीत, बोटानं फिरवून घेतल्यासारखं. मी हवा काढत होतो, आणि बिचाऱ्याला हवा हवी होती.

“कुंभारणीला उभा ट्रॅक्टर लागतो,” मिस्त्री म्हणाला. “चालत्या ट्रॅक्टरवर ती बसंल व्हय? साहेब, ट्रॅक्टर चालून बिघडत न्हाई. उभा राहून बिघडतो.”

ही गोष्ट खरं तर मला फार आधी कळायला हवी होती.

२००३ च्या दुष्काळात मी एका ट्रॅक्टरची जप्ती करायला गेलो होतो. माळावरचंच गाव. चारा छावणीत जनावरं, माणसांना टँकर. तीन हप्ते थकले होते, नोटिसा झाल्या होत्या, माझ्या बाजूनं सगळं कायदेशीर होतं. आम्ही पोचलो तेव्हा ट्रॅक्टर अंगणात धुऊन-पुसून उभा होता. ज्या गावात प्यायच्या पाण्याला रांग, तिथं त्या माणसानं दोन घागरी ट्रॅक्टरवर घातल्या होत्या. बॉनेटवर हळदकुंकू होतं. मी तक्रार, रडारड, शिवीगाळ, या सगळ्याची तयारी करून गेलो होतो. याची केली नव्हती. त्यानं किल्ली दिली. मग आत जाऊन ग्रीस गन घेऊन आला, ती फडक्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, “साहेब, दर शनवारी ग्रीस मारायला सांगा. पुढच्या एक्सलची निप्पल आधी बोटानं पुसायची, मग गन लावायची. नायतर माती आत जाती.”

मी ‘सांगतो’ म्हणालो.

ट्रॅक्टर गोदामामागच्या आवारात लावला. लिलावाला या ना त्या कारणानं दोन वर्षं गेली. मध्ये एक चांगला पाऊस झाला. चाकांमधून गाजर गवत वर आलं. सीटच्या फाटक्या कुशनमधून कसलातरी वेल निघाला आणि स्टिअरिंगला वेढे घालून बसला. बॅटरी कुणीतरी नेली. मागच्या धुऱ्याखाली एक टणटणी उगवून तिला फुलंसुद्धा आली. मी दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून रोज चहा पिताना ते बघत होतो. कुणीही शनिवारी ग्रीस मारलं नाही. मी कुणाला सांगितलंच नव्हतं. भंगाराच्या भावात तो गेला, आणि मी रजिस्टरात लिहिलं : ‘अंशतः वसुली.’

ग्रीस गन पंचनाम्यात नव्हती. म्हणून ती बँकेची नव्हती. ती माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात राहिली, तिथून निवृत्तीच्या खोक्यात आणि खोक्यातून इथं आली. परत द्यायला हवी, हे मला दर दिवाळीच्या साफसफाईत नेमानं आठवायचं. मिस्त्रीनं एकदा ती हातात घेऊन फिरवून पाहिली. “जुनी, पण चांगली ठेवलीय. कुणाची?”

“माझीच,” मी म्हणालो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझं कर्तृत्व कमी आहे.

मोठ्या बाभळींसाठी अखेर जेसीबी बोलवावा लागला. तीन तासांत त्यानं माझ्या आठ महिन्यांचा निकाल लावला. मी फोटो काढला आणि जेसीबीचा भाग कापून, नुसती मोकळी जमीन आणि कोपऱ्यातला माझा ट्रॅक्टर एवढंच ठेवून स्टेटसला लावला. बायकोचा लगेच संदेश आला : “चाकाच्या खुणा दोन फूट रुंद आहेत. ट्रॅक्टरनं बाळसं धरलंय का?”

राहिली टणटणी. तिच्यापुढे मी हात टेकले होते, आणि ते बांधावरून भावकीतली आक्का रोज बघत होती. सत्तरी ओलांडलेली, तीन शेळ्यांची मालकीण. त्या शेळ्यांवर माझी फार श्रद्धा होती. बाभळीच्या शेंगा त्या मिटक्या मारत खायच्या, आणि मला वाटायचं, वा, फुकटची मदत! मग कळलं, की शेंगेतलं बी शेळीच्या पोटातून सहीसलामत बाहेर पडतं आणि लेंडीच्या खतात झकास उगवतं. शेळ्या माझं रान साफ करत नव्हत्या, पेरणी करत होत्या.

एक दिवस आक्का न बोलावता आत आली. हातात कुदळ. टणटणीच्या बुंध्याशी बसली, माती बाजूला केली, खोड संपून मूळ सुरू होतं त्याच्या जरा खाली कुदळीचा एकच घाव घातला, आणि झुडूप उचलून उलटं ठेवून दिलं. मुळं आभाळाकडे.

“उलटं का?” मी विचारलं.

“सुलटं ठिवलं तर परत माती धरतंय. बापू, तुला बँकेत हे न्हाई शिकवलं?”

मी तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं, की दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी जंगलातली टणटणी काढण्यासाठी नेमकी हीच पद्धत मांडली आहे : मातीखाली मूळ तोडा, झुडूप उलटं करा, आणि पुढे पक्षी बसतात त्या झाडांखाली लक्ष ठेवा, कारण फळं खाऊन बी तिथंच पडतं. आक्कानं ऐकून घेतलं. मग लिंबाकडे हात करून म्हणाली, “म्हंजे त्येंच्यातबी पाखरं लिंबावरच बसत्यात.” आणि पुढच्या बुंध्याशी सरकली.

आम्ही दोघं तीन महिने असे सरकत होतो. ती बुंध्यागणिक कुणाची ना कुणाची आठवण काढायची. इथं तुझा बाप मटकी करायचा. इथं तुझी आई बांधावर बसून तुझ्या पत्राची वाट बघायची. पोस्टमन त्या वळणावर दिसायचा. मी त्या वळणाकडे बघितलं. तिथं आता टणटणीची भिंत होती, वळण दिसतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिकडून सुरुवात केली.

यंदा पहिल्या पावसानंतर आम्ही नुसतं रानातून फिरलो. लिंबाखाली, बांधाला, शेळ्यांच्या वाटेवर बोटभर रोपं आलेली असतात. या वयात बाभळीचा काटा अजून मऊ असतो. चिमटीत धरायचं, ओल्या मातीतून अलगद ओढायचं, झालं. याला ना एचपी लागतो, ना पीटीओ. फक्त त्या आठवड्यात तिथं हजर असावं लागतं. ती एकच गोष्ट आमच्या घराण्याला बावीस वर्षं जमली नव्हती.

परवा आवर मीटर बघितला. पहिल्या वर्षी मी २१४ तास ट्रॅक्टर चालवला होता. त्यात दूध आणायला जाणं, पाहुण्यांना दाखवायला उगाच चालू ठेवणं आणि एकदा आक्काला तालुक्याला नेऊन आणणं, हे धरून. अखेर ‘इतर’ रकान्यात काय असतं, ते मला कळलं. आणि त्या २१४ तासांत रान होतं त्याहून जास्त माजलं. यंदा मीटरवर अवघे ४१ तास वाढले, आणि निम्म्या रानात मटकी उभी आहे.

जुनी खोड जात नाही. मी कागद घेतला, रेघा मारल्या. अपेक्षित वापर १००० तास, प्रत्यक्ष वापर ४१. दुरुस्ती खर्च अमुक, उत्पन्न : मटकी, अंदाजे दोन पोती, त्यातलं एक आक्काचं. घसारा धरला. व्याज धरलं. खाली लाल शाईनं शेरा मारला : ‘प्रकल्प व्यवहार्य नाही. प्रस्ताव नामंजूर.’ सही केली, तारीख घातली. तारखेवरून ध्यानात आलं, शनिवार आहे.

मग उठलो. गन भरली. पुढच्या एक्सलशी उकिडवा बसलो आणि निप्पल आधी बोटानं पुसून घेतली.